सहज उभे राहा

माझ्या नवऱ्याला 'दातांचा डॉक्टर' म्हटलेलं आवडत नाही. तो दात काढत नाही, दात भरत नाही, कवळी बसवत नाही. तो वाकडे दात तारा लावून सरळ करतो. गाल धरून जिना चढून आलेल्या माणसाला तो समोरच्या बिल्डिंगमध्ये पाठवतो आणि तो माणूस जिना उतरायच्या आत मला सांगतो, "आसावरी, लोकांना फरकच कळत नाही." लोकांचं सोडा, माझ्या माहेरी अजूनही जेवणं झाली की कोणी ना कोणी त्याच्यापुढे आ वासून बसतं.

नवऱ्याचं नाव आल्हाद. दवाखाना भिवंडीत पहिल्या मजल्यावर, आणि मागच्या गल्लीत कापड विणायच्या लूमचे शेड. पेशंटना वेळ देणं, फोन घेणं आणि फोटो काढणं ही कामं माझी. मी कॉमर्सची पदवीधर. फोटोंशी माझा संबंध लग्नाच्या अल्बमपुरता होता. पण बायको म्हटलं की तिला सगळं येतं असं धरून चालायची आपल्याकडे पद्धत आहे.

फोटो म्हणजे साधासुधा नव्हे. तारा लावायच्या आधी चेहऱ्याचा एका बाजूने फोटो काढतात आणि कपाळ, नाक, ओठ, हनुवटी यांची ओळ बघतात. त्यावरून जबडा पुढे आहे की मागे ते ठरतं. यात गोम अशी की माणूस तोच, हाडही तेच, पण मान थोडी खाली घातली की फोटोत हनुवटी आत गेलेली दिसते आणि थोडी वर केली की पुढे येते. म्हणून शास्त्राने तोडगा काढलाय. माणसाला सहज उभं करायचं, समोरच्या आरशात स्वतःच्याच डोळ्यांत बघायला सांगायचं, आणि तो जशी मान धरेल ती त्याची नैसर्गिक मान. ती म्हणे आज बघा, महिन्याने बघा, तशीच्या तशी असते.

ज्याने हे शोधून काढलं तो भिवंडीला आलेला नसणार. इथे 'नीट उभा राहा', 'बाजूला उभा राहा', 'लाइनमध्ये उभा राहा' हे सगळ्यांना समजतं. 'सहज उभे राहा' असं आयुष्यात कोणी कोणाला सांगितलेलंच नसतं. मी तसं म्हटलं की माणूस घाबरतो, पोट आत ओढतो आणि विचारतो, "मॅडम, हाथ किधर रखू?"

तर या नैसर्गिक मानेचा भरवसा किती, यावर आल्हादने संशोधन करायचं ठरवलं. त्यासाठी त्याने हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याचा ओळंबा आणला. दुकानदाराने कौतुकाने विचारलं, कितवा मजला चढवताय. आल्हाद म्हणाला, मान मोजायची आहे. त्यानंतर तो दुकानदार मला रस्त्यात भेटला की जरा जपून बोलतो.

ओळंबा छताला टांगला. चेहऱ्याच्या पलीकडे त्याची दोरी फोटोत आली की उभी रेघ खरी कुठली ते कळतं आणि मान किती कलली ते मोजता येतं. आल्हादचा बेत सोपा होता: प्रत्येक पेशंटचा फोटो एकदा सकाळी काढायचा, काही दिवसांनी पुन्हा संध्याकाळी काढायचा, आणि दोन्ही जुळतात का ते बघायचं.

जुळेनात. सकाळच्या फोटोत माणसं मान खाली घालून उभी आणि संध्याकाळच्या फोटोत तीच माणसं मान वर करून. एखाददुसरा नव्हे, बहुतेक सगळी. आल्हादने आधी मला दोष दिला, कारण मी सगळ्यात जवळ होते. मग आरशाला. मग गवंडी बोलावून फरशीला उतार आहे का ते बघितलं. गवंडी म्हणाला, फरशी सरळ आहे, भिंत मात्र वाकडी आहे, सांगाल तर पाडतो. मग आल्हादचं लक्ष लूमकडे गेलं. लूम चालू असले की आमचा ओळंबा थरथरतो, हे खरं आहे. म्हणून आठवडाभर थांबून लूम बंद असतात त्या शुक्रवारी फोटो काढले. ओळंबा दगडासारखा स्थिर, आणि माना सकाळी खाली, संध्याकाळी वर.

सगळ्यांत एकच मान भरवशाची निघाली, ती माझ्या सासूबाईंची, सरलाबाईंची. हौसेने त्याही उभ्या राहिल्या होत्या. सकाळी खाली, संध्याकाळी खाली, शुक्रवारीही तेवढीच खाली. आल्हाद आनंदाने म्हणाला, "बघ, आईची रीडिंग्ज किती सुंदर आली आहेत." मी ती बघितली आणि वहीत त्यांच्या नावापुढे तीनदा 'खाली' लिहिलं.

आल्हाद मात्र हरणाऱ्यातला नाही. पुरावा सिद्धांताला सोडून जायला लागला की शिकलेला माणूस नवा सिद्धांत काढतो. त्याने काढला. औद्योगिक शहरात दिवसभराच्या श्रमाने मानेचे स्नायू सैल पडतात आणि डोकं मागे कलून हनुवटी वर उचलली जाते, म्हणून भिवंडीच्या माणसाची मान संध्याकाळी वर जाते. या शोधाचा गोषवारा त्याने एका मोठ्या परिषदेला पाठवला. तो स्वीकारला गेला, वर 'मौलिक विचार' असा शेराही आला. आल्हादने परिषदेसाठी ब्लेझर शिवायला टाकला. दिवसभर लूमवर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी मान वर करून घरी जातो, हे वाचून ज्यांना हसू आलं नाही त्यांनी तो निवडला असणार.

आता तात्यांबद्दल सांगायला हवं. तात्या म्हणजे माझे सासरे. जन्मभर मास्तर, शेवटी हेडमास्तर. उमेदीची वर्षं दिघाशीकडच्या शाळेत, नंतरची भिवंडीत. अर्धा तालुका त्यांच्या हाताखालून गेलेला. त्यांच्या वर्गात एक नियम होता: उत्तर देताना मास्तरांच्या डोळ्यांत बघायचं नाही. मान खाली घालायची, पायाच्या अंगठ्याकडे बघायचं आणि बोलायचं. उत्तर चुकलं तर एकवेळ चालायचं, मान चुकलेली चालायची नाही. गावोगावच्या लोकांना हा नियम इतका आवडला की त्यांनी तो घरी नेला. अजून कोणी भेटलं की कौतुकाने सांगतं, "गुरुजींनी आम्हाला वळण लावलं, तेच आम्ही पोरांना लावलं."

निवृत्त झाल्यावर तात्या रोज सकाळी आमच्या दवाखान्यात येऊन बसतात. संध्याकाळी ते वाचनालयात जातात. दवाखान्यात एसी एकाच खोलीत आहे, कॉम्प्युटरसाठी, आणि ती फोटोची खोली. तिच्या कोपऱ्यात तात्यांची खुर्ची. पेशंट आरशासमोर उभा राहिला की आरशात त्याला आपला चेहरा दिसतो, आणि खांद्यामागे वर्तमानपत्र खाली करून बघणारे तात्या दिसतात. हे सगळं मी महिनोन्महिने बघत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही फक्त आल्हादच्याच बाजूला नव्हता.

हे असं चाललेलं असताना दिशा आली.

दिशा दिघाशीची, राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये कामाला. आलेल्या गाड्या डॉकला लावून घ्यायच्या, माल मोजून उतरवायचा, हे तिच्याकडे. समोरचे दोन दात थोडे पुढे होते. ते मागे घ्यावेत एवढ्यासाठी ती स्वतःच्या मनाने आली होती. बरोबर वडील होते, रघू. रघू तात्यांचा विद्यार्थी. खोलीत शिरून त्याने तात्यांना बघितलं आणि चपला काढायला पुन्हा बाहेर गेला, मग त्या आधीच काढल्या होत्या की नव्हत्या हे त्यालाच आठवेना.

"रघू का रे तू?" तात्यांनी विचारलं.

"व्हय गुरुजी," रघू आपल्या अंगठ्याला म्हणाला.

"ही मुलगी?"

"माजीच. तुमचाच वलन हाय गुरुजी."

दिशाही अंगठ्याकडे बघत होती. मी तिला आरशासमोर उभं केलं आणि सहज उभी राहा म्हटलं. तिने एकदा आरशात बघितलं, मागे तात्या आणि त्यांच्या शेजारी वडील दिसले, आणि तिची मान गेली खाली. मी म्हटलं, "स्वतःच्या डोळ्यांत बघ." तिने मान न हलवता नुसते डोळे वर केले. मी फोटो काढला.

दोन दिवसांनी आल्हादने निकाल सांगितला. फोटोत हनुवटी बरीच आत. एक्स-रेमधला कोन सीमेवरचा, इकडेही धरता येईल, तिकडेही. म्हणून फोटोवरून ठरवायचं. त्याच्या मते खालचा जबडाच लहान, नुसत्या तारांनी भागणार नाही. हाड कापून पुढे घ्यावं लागेल. त्याआधी तारा लावून दात मुद्दाम उलट्या दिशेला सरकवायचे. म्हणजे चेहरा आधी बिघडवायचा आणि मग ऑपरेशनने सुधारायचा. तारा एकदा त्या बाजूने ओढायला लागल्या की मध्ये थांबणं कठीण. सोमवारी सुरू करू, असं आल्हाद म्हणाला.

रघूने आल्हादकडे बघितलंच नाही. त्याने तात्यांच्या पायांकडे बघून विचारलं, "गुरुजी, काय करू?"

तात्यांना जबड्यातलं काय कळतं? पण मास्तरांना विचारलं आणि मास्तर 'माहीत नाही' म्हणाले, असं आमच्याकडे आजवर झालेलं नाही. "डॉक्टर सांगतात ते करावं," तात्या म्हणाले. रघूने मान हलवली. दिशाने काहीच हलवलं नाही.

जाताना ती वडिलांना पुढे घालून मागे राहिली आणि माझ्या टेबलापाशी थांबली. "मॅडम, हाड खरंच कापायला लागंल?"

"डॉक्टर तसं म्हणतात."

"ओठ बधिर होतात म्हनं. कायमचे पन ऱ्हातात कोनाकोनाचे."

"होतं कधीकधी."

"मी दिवसभर बोलते, मॅडम. वरडते. गाडी मागं घेताना माजा आवाज न्हाय गेला तर मानूस मरंल." मग ती थोडं थांबून म्हणाली, "मी फक्त दात मागं घ्यायला आली होती." हे सगळं ती माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरशी बोलली. मला तिचा राग आला, की वर बघून भांड ना बाई. आणि मग लगेच त्या रागाचीच लाज वाटली.

त्या फोटोत एक खोट राहिली होती. केस कानावर आले होते, आणि कान दिसला नाही तर आल्हादच्या रेघा नीट बसत नाहीत. म्हणून मी दिशाला फोन करून ड्युटी सुटल्यावर पाच मिनिटं येऊन जा म्हटलं. ती आली, एकटीच. तात्या वाचनालयात, आल्हाद पलीकडच्या खोलीत एका मुलाच्या तारा घट्ट करत होता. मी तिचे केस मागे घेतले, तिला ओळंब्यापाशी उभं केलं, आणि तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला.

"घेऊ का, मॅडम?"

"घे."

तिने तो पलीकडच्या कानाला लावला. "हां बोलो. किधर लगाया? नहीं नहीं, पाच नंबर पे नहीं, मैंने तीन बोला था. भैया, आप गाडी हटाओ पहले, फिर बात करो. सुपरवायजर को बुलाना है तो बुलाओ, सुपरवायजर मैं ही हूं." एवढं ती शांतपणे बोलली, अजिबात आरडाओरडा नाही. पण मान सरळ, नजर समोर, आणि आरशात तिच्याशिवाय दुसरं कोणी नाही. मी कॅमेऱ्यातून बघत होते. आत गेलेली हनुवटी कुठे गेली ते मला कळेना, कारण ती आपल्या जागेवर आली होती. मी फोटो काढला. तिने फोन ठेवला, एक श्वास घेतला, तशीच उभी राहिली. मी दुसरा काढला.

तात्यांचं वर्तमानपत्र रिकाम्या खुर्चीवर पडलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पेशंट संपल्यावर मी आल्हादला फोटो दाखवले. तो म्हणाला, "इथे ती चिडलेली आहे. ही नैसर्गिक मान नाही."

"फोन ठेवल्यावरचा हा."

त्याने बघितला आणि त्याचा चेहरा खुलला. "अगं, संध्याकाळ होती ना? माझ्या थिअरीत अगदी फिट बसतं."

"मग हाड कधी कापायचं? सकाळी कापायचं आणि संध्याकाळी नको, असं सांगू का तिला?"

"तू विनाकारण वाकड्यात शिरतेस."

"आल्हाद, सकाळी त्या खुर्चीत कोण बसलेलं असतं?"

त्याने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाला, "तात्यांचा काय संबंध?" त्याच्या आवाजावरून कळत होतं की संबंध त्याच्या ध्यानात येऊ लागला होता आणि तो त्याला नको होता. संबंध जुळला तर परिषदेतला शोध गेला, मौलिक विचार गेला, शिवायला टाकलेला ब्लेझर तेवढा उरला. आणि त्याहून अवघड गोष्ट म्हणजे कोणाला तरी तात्यांना खुर्चीतून उठवावं लागणार होतं.

मी वाद घातला नाही. "आरशापुढे उभा राहा," एवढंच म्हटलं. तो उभा राहिला, मी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या खुर्चीत असताना मी पुन्हा म्हटलं, "कॅमेऱ्याचं सेटिंग बघायचंय, जरा उभा राहा." तो उभा राहिला. तात्या मागून म्हणाले, "आल्हाद, खांदे." मी बटण दाबलं.

दुपारी तात्या जेवायला गेल्यावर मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि आल्हादच्या हातात माउस दिला. त्याने स्वतःच रेघा मारल्या. रोज दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर मारतो तशाच, कपाळापासून हनुवटीपर्यंत. रात्रीच्या फोटोत सगळं ठीक. सकाळच्या फोटोत, त्याच्याच हिशोबाने, तो ऑपरेशनचा पेशंट होता.

त्याने सकाळचा फोटो मोठा करून बघितला. एवढा मोठा माणूस, भिंतीवर डिग्र्यांच्या फ्रेमा, आणि पडद्यावर शाळेतला मुलगा उभा होता. मला त्याला चिडवायचं होतं, मनात दोनतीन वाक्यं तयारही होती, पण ती तोंडातून निघाली नाहीत. माझ्या नवऱ्याची मला फार कीव आली.

"माझा पेपर गेला," तो म्हणाला.

"दिशाचा जबडा राहिला की."

"सोमवारी परत फोटो काढू. तात्या नसताना."

"सोमवारी सकाळी ते असणार. आणि रघूही असणार."

"तू सांग ना त्यांना बाहेर बसायला."

"मी सांगितलं तर ते सूनबाईचं बंड होईल आणि त्याचा निकाल घरी लागेल. तू मुलगा आहेस, डॉक्टर आहेस. तूच सांग."

सोमवार उजाडला. दिशा आणि रघू वेळेवर आले. तात्या खुर्चीत. तारांचा ट्रे टेबलावर मांडलेला होता, कारण आल्हादने तसं म्हटलं होतं. त्याचा स्वतःवर फारसा भरवसा नव्हता. दिशाने ट्रेकडे बघितलं आणि ओढणीचं टोक मुठीत धरलं.

आल्हाद म्हणाला, "तात्या, एसी आज नीट चालत नाही. बाहेर पंख्याखाली बसता का?"

"मला काही उकडत नाही."

"बाहेर आजचा दुसरा पेपर आलाय."

"आणून दे."

मी गालातल्या गालात हसले. आल्हाद आरशापाशी गेला आणि तो थोडा तिरका केला, म्हणजे तात्या दिसणार नाहीत. मी दिशाला उभं केलं. तिची मान वर येतेय असं वाटलं, तोच तात्या मागून म्हणाले, "रघू, मुलीला सांग, नीट उभी राहा म्हणावं." रघू म्हणाला, "नीट उबी ऱ्हा." आणि मान पुन्हा खाली. आरसा तिरका करून भागणारं हे दुखणं नव्हतं.

आल्हाद माझ्याकडे बघायला लागला. मी कॅमेऱ्यात बघितलं. त्याने एकदा ट्रेकडे बघितलं, एकदा दिशाकडे. मग तो तात्यांच्या खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला आणि त्यांच्या चपलांना म्हणाला, "तात्या, तुम्ही बाहेर बसा."

"का?"

मला वाटलं, आता हा परत एसीवर जाणार.

"तुम्ही समोर असलात की माणसांच्या माना खाली जातात," आल्हाद म्हणाला. "सगळ्यांच्या. त्यामुळे मापं चुकतात. मी हिचं हाड कापायला निघालो होतो. माझीसुद्धा जाते मान." शेवटचं वाक्य म्हणताना त्याने ती वर केली. फार नाही, पण केली. त्याचे कान लाल झाले होते.

रघूने डोळे मिटून घेतले होते. आता वर्तमानपत्र आपटणार, आता जेवणावर बहिष्कार पडणार, आता सासूबाईंचे आठ दिवस वाईट जाणार, असं सगळं मला दिसायला लागलं.

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सगळ्यांच्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांच्या."

"अजूनही?"

"हो."

तात्यांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतरच्या सत्काराला सुद्धा तो इतका उजळला नव्हता. "मग असं आधी सांगायचं," ते म्हणाले आणि उठले. "शास्त्राच्या आड मी कशाला येऊ? चल रघू, बाहेर बसू." आणि ते ताठ चालत बाहेर गेले. दार लोटायच्या आत त्यांनी बाहेर बसलेल्या पेशंटना सांगायला सुरुवात केली होती की आपल्या धाकामुळे यंत्रांची मापंसुद्धा चुकतात, हे आज डॉक्टरांनी सप्रमाण सिद्ध केलं. एवढं मोठं सत्य सांगून मुलाने काय केलं, तर बापाला धाकाचं प्रमाणपत्र दिलं. आल्हाद भिंतीला टेकून उभा राहिला आणि मग त्यालाच हसू फुटलं.

रघू गुरुजींच्या मागोमाग गेला होता. खोलीत आम्ही तिघंच. आल्हाद म्हणाला, "दिशा, सहज उभी राहा." ती आरशात बघत राहिली. आधी तिने मुठीतली ओढणी सोडली. मग हळूहळू मान आपोआप वर आली, कोणी न सांगता, कोणाला न भिता. मी एक फोटो काढला, तिला जरा चालून यायला सांगितलं, पुन्हा उभं करून दुसरा काढला. आल्हादने दोन्हींवर रेघा मारल्या. दोन्ही जुळले, आणि त्या संध्याकाळच्या फोटोशीही जुळले.

"ऑपरेशन नको," आल्हाद म्हणाला. "तुझा जबडा चांगला आहे. चूक माझी होती. साध्या तारा लावू, दात मागे येतील." त्याने ट्रे स्वतः उचलून आत नेला. दिशाने माझा हात धरला. तिच्या हाताला घाम सुटला होता.

मी दार उघडून रघूला बोलावलं. तो एकटाच आत आला. तात्या बाहेर रंगात आले होते. आल्हादने त्याला सगळं समजावलं. रघू अंगठ्याकडे बघत ऐकत होता. त्याला त्यातलं काही पटत नव्हतं. "पन गुरुजी म्हनले व्हते, डॉक्टर सांगतात ता करावा."

"मीच डॉक्टर आहे, रघू. मीच सांगतोय, नको."

"आधी तुमीच सांगितला, कापाचा."

आता याला काय म्हणावं? मी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे फिरवला आणि म्हटलं, "बघा, हा आजचा फोटो. हनुवटी कुठे आत आहे?"

रघूने वाकून बघितलं. मग अजून जवळ जाऊन बघितलं. "ताई, ह्यो दुसऱ्या कुनाचा लागलाय," तो म्हणाला.

"नाही हो. आत्ताच काढला."

"ही आमची न्हाय. आमची अशी न्हाय."

"मीच हाय, बाबा," दिशा म्हणाली.

रघूने फोटोतला ड्रेस बघितला, मग मागे वळून मुलीच्या अंगावरचा ड्रेस बघितला. तोच होता. तो परत पडद्याकडे वळला. "अशी कदी बगते तू?"

"ड्युटीवर."

"तितं अशी असते?"

"व्हय."

पडद्यावरची मुलगी सरळ समोर बघत होती, आणि शेजारी उभी असलेली त्याची मुलगी फरशीकडे. माझ्या मनात आलं की या माणसाने हिला तळहातावर वाढवलं असेल, हिच्या आजारपणात रात्री जागवल्या असतील, आणि हिचा चेहरा त्याने अजून पाहिलेलाच नाही.

"वर बग, पोरी," तो म्हणाला. "मना बगूं दे."

दिशाने मान वर केली. अर्ध्यात अडकली, मग पूर्ण केली. ती बघायची म्हणून रघूलाही आपली मान वर करावी लागली. दोघं एकमेकांकडे परक्यासारखे बघत होते.

दारातून तात्यांची हाक आली. "रघू, झालं का रे?"

रघूची मान सवयीने खाली जायला निघाली; मला दिसत होतं. ती मध्येच थांबली.

"थांबा गुरुजी," तो म्हणाला. "मी माजे पोरीला बगतोय."